चाकांच्या स्ट्रेचरची उंची बदलण्याची क्रिया : एक यांत्रिक व सांघिक विवेचन

रुग्णवाहतुकीचा विचार करताना सामान्यतः वेग, रस्ता व वाहनातील उपचारसामग्री यांकडे लक्ष जाते. परंतु घरातील खाटेवरून निघालेला रुग्ण रुग्णालयातील तपासणीच्या टेबलावर पोहोचेपर्यंत त्याचे स्ट्रेचर अनेकदा उंचावले जाते व अनेकदा उतरवले जाते. यांतील प्रत्येक क्रिया पाचसहा सेकंदांत उरकते. ती इतकी नित्याची असते की तिला स्वतंत्र कौशल्य मानण्याची आवश्यकताही पुष्कळांना वाटत नाही. तथापि याच काही सेकंदांत रुग्णाचा संपूर्ण भार यंत्राच्या पायांवरून माणसांच्या हातांत येतो व पुन्हा यंत्रावर जातो. या हस्तांतरात कोणत्या शक्ती कार्य करतात, तसेच दोन किंवा अधिक माणसांच्या संघाने त्या कशा सांभाळाव्यात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

विषयाचे महत्त्व एका आकडेवारीवरून ध्यानात येईल. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे १९९६ ते २००५ या काळात रुग्णवाहिकांतील स्ट्रेचरसंबंधी ज्या दुर्घटना नोंदल्या गेल्या, अशा ६७१ नोंदींचे विश्लेषण २००९ साली प्रसिद्ध झाले. त्यांपैकी निम्म्याहून अधिक घटना स्ट्रेचर कोसळण्याच्या होत्या. ज्या घटनांत दुखापत झाली, त्यांत जखमी कर्मचाऱ्यांचे प्रमाण जखमी रुग्णांपेक्षा अधिकच होते. अशा नोंदी स्वेच्छेने कळवलेल्या असतात; म्हणून त्यांवरून दुर्घटनांचा दर काढता येत नाही. परंतु धोक्याचे स्थान त्यांवरून निश्चित होते, आणि हा धोका रुग्ण व वाहक या उभयतांना आहे हेही स्पष्ट होते.

स्ट्रेचरची रचना

चाकांवरून रुग्ण नेण्याची कल्पना जुनी आहे. नेपोलियनच्या सैन्यातील शल्यविशारद दोमिनिक जाँ लारे याने अठराव्या शतकाच्या अखेरच्या दशकात जखमींसाठी हलक्या, चपळ गाड्यांची योजना केली. इंग्लंडमध्ये सेंट जॉन ॲम्ब्युलन्स असोसिएशनच्या १८७७ मधील स्थापनेनंतर तिच्या कार्यकर्त्यांनी दोन चाकांच्या गाड्यावर स्ट्रेचर ठेवून नेण्याच्या पद्धतीचा प्रसार केला. या सर्व साधनांत बिछान्याची उंची मात्र ठरलेली असे. उंची कमीअधिक करता येईल असे दुमडत्या पायांचे स्ट्रेचर विसाव्या शतकात रूढ झाले, आणि प्रस्तुत प्रश्नही त्याबरोबरच उत्पन्न झाला.

आज प्रचारात असलेल्या हाताने चालवावयाच्या स्ट्रेचरांचे स्थूलमानाने दोन प्रकार करता येतील. पहिल्यात पायांची रचना कैचीसारखी असते. लिव्हर दाबली की लॉक सुटते, कैची मिटते वा उघडते, आणि त्यानुसार बिछाना खाली वा वर जातो. दुसऱ्यात पुढचे व मागचे पाय स्वतंत्रपणे दुमडतात. स्ट्रेचर वाहनात ढकलताना ते क्रमाने मिटतात आणि बाहेर ओढताना स्वतःच्या वजनाने उघडतात. भारतातील रुग्णवाहिकांत हा दुसरा प्रकार फार आढळतो. दोन्हींत समान असलेली गोष्ट ही की, लॉक लागलेले असताना भार पायांवर असतो आणि लॉक सुटताच तो वाहकांच्या हातांवर येतो. या दोहोंमध्ये तिसरी, सुरक्षित अशी अवस्था नाही. लॉक अर्धवट लागले असेल तर ते लागलेच नाही असे समजावयास हवे. कारण किंचित हिसक्यानेही ते सुटू शकते.

भाराची विभागणी

स्ट्रेचर दोन्ही टोकांना धरून उचलले असता भार निम्मानिम्मा होतो, असा समज आहे. तो बरोबर नाही. उताण्या निजलेल्या माणसाचा गुरुत्वमध्य तळपायांपासून त्याच्या उंचीच्या सुमारे ५५ टक्के अंतरावर, म्हणजे कमरेच्या आसपास असतो. समजा, रुग्णाची उंची १७० सेंटिमीटर व वजन ८० किलोग्रॅम आहे. वाहकांच्या दोन टोकांच्या पकडींत २०० सेंटिमीटर अंतर आहे, आणि रुग्णाचे डोके एका पकडीपासून ५ सेंटिमीटरवर आहे. अशा स्थितीत गुरुत्वमध्य पायाकडील पकडीपासून सुमारे ११८ सेंटिमीटरवर येतो. तरफेच्या नियमानुसार डोक्याकडील वाहकावर ४७ किलोग्रॅम व पायाकडील वाहकावर ३३ किलोग्रॅम भार पडतो. स्ट्रेचरचा हातांवर येणारा भाग ३० किलोग्रॅम धरून तो समान वाटला, तर हे आकडे अनुक्रमे ६२ व ४८ होतात. पाठीकडील भाग उंच केला, तर धड कमरेकडे सरकते व हा फरक थोडा कमी होतो; पण त्याबरोबर गुरुत्वमध्यही वर जातो.

यावरून एक व्यावहारिक नियम निघतो. संघातील अधिक सशक्त व्यक्तीने डोक्याकडे उभे राहावे, आणि उंचीत फार अंतर असलेल्या दोघांनी शक्यतो टोकांना उभे राहू नये. उंचीतील अंतरामुळे बिछाना तिरपा होतो आणि रुग्ण खालच्या टोकाकडे घसरू लागतो. घसरणाऱ्या भाराची विभागणी क्षणोक्षणी बदलते, आणि असा बदलता भार स्थिर भारापेक्षा सांभाळण्यास अवघड असतो.

आता या आकड्यांची मानवी शक्तीशी तुलना करावी. अमेरिकेतील राष्ट्रीय व्यवसाय-सुरक्षा व आरोग्य संस्थेने १९९१ साली सुधारलेल्या आपल्या सूत्रात, सर्व परिस्थिती आदर्श असताना, एका व्यक्तीने उचलावयाच्या भाराची मर्यादा २३ किलोग्रॅम धरली. त्याच संस्थेतील संशोधक टॉमस वॉटर्स यांनी २००७ साली रुग्णांना हाताळण्यासाठी ही मर्यादा सुमारे १६ किलोग्रॅम असावी असे प्रतिपादन केले; कारण रुग्ण हा पेटीसारखा अचल व घट्ट पकडता येण्याजोगा भार नव्हे. वरील उदाहरणातील ६२ व ४८ हे आकडे या दोन्ही मर्यादांच्या कितीतरी पलीकडचे आहेत. म्हणजे मध्यम बांध्याच्या रुग्णाचे स्ट्रेचर दोघांनी हाताने उंचावणे ही क्रिया मुळातच मानवी मर्यादेबाहेर घडत असते. कौशल्य तिचा धोका कमी करते. तो नाहीसा करीत नाही.

माणसांची संख्या वाढवली म्हणजे प्रश्न सुटतो असेही नाही. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा कार्यालयाच्या मार्गदर्शनानुसार दोघांच्या संघाची क्षमता त्यांच्या वैयक्तिक क्षमतांच्या बेरजेच्या सुमारे दोनतृतीयांश व तिघांची सुमारे निम्मी धरावी. प्रत्येकाची क्षमता ३० एकके मानली, तर दोघे मिळून ४० व तिघे मिळून ४५ एकके होतात. तिसऱ्या माणसाने भर घातली ती अवघ्या ५ एककांची. याचे कारण उघड आहे. माणसे एकमेकांच्या आड येतात, पकड नीट मिळत नाही, आणि भार सर्वांवर एकाच क्षणी येत नाही. म्हणून तिसऱ्या व्यक्तीचा उपयोग केवळ हात लावण्यासाठी न करता पायांचे लॉक पाहण्यासाठी, स्ट्रेचर एका बाजूस कलू न देण्यासाठी व मार्ग मोकळा ठेवण्यासाठी केला तर तो पुष्कळदा अधिक फलदायी ठरतो. रुग्ण फारच जड असल्यास टोकांवरील दोघांखेरीज दोन्ही बाजूंना एकेक सहायक असावा. मात्र लिव्हर टोकांवरील वाहकांनीच हाताळावी.

पाठीच्या कण्यावरील ताण

कमरेजवळचे स्नायू कण्याच्या केंद्रापासून सुमारे ५ सेंटिमीटर अंतरावरून कार्य करतात. हातातील भार मात्र कण्यापासून ४०-५० सेंटिमीटर दूर असू शकतो. ही तरफ माणसाला अत्यंत प्रतिकूल आहे. ३०० न्यूटन, म्हणजे सुमारे ३० किलोग्रॅम वजनाचा भार ५० सेंटिमीटर अंतरावर धरला, तर केवळ त्या भारासाठी स्नायूंना सुमारे ३,००० न्यूटन बल लावावे लागते. तोच भार २५ सेंटिमीटरवर आणला तर हे बल निम्म्यावर येते. धडाच्या स्वतःच्या वजनाचा ताण यात धरलेला नाही. कमरेच्या खालच्या मणक्यांवरील दाबासाठी १९८१ पासून ३,४०० न्यूटनची मर्यादा मार्गदर्शक म्हणून वापरली जाते, हे लक्षात घेतले म्हणजे भार अंगाजवळ धरण्याच्या उपदेशामागील गणित स्पष्ट होते.

उचलताना गुडघे वाकवावेत, पाठ सरळ ठेवावी, पायांत खांद्याइतके अंतर ठेवून एक पाऊल किंचित पुढे असावे, आणि कंबर पिळू नये, हे नियम सर्वश्रुत आहेत. स्ट्रेचरच्या बाबतीत यात एक अडचण येते. सर्वांत खालच्या स्थितीत पकड गुडघ्यांच्याही खाली असते, आणि समोरच्या चौकटीमुळे वाहकाला भाराच्या पुरेसे जवळ जाता येत नाही. म्हणून स्ट्रेचर पूर्ण खाली नेण्याचे प्रसंगच कमी करणे हा खरा उपाय होय. रुग्ण खाटेवर असेल तर स्ट्रेचर खाटेच्या उंचीवर आणून त्यास आडवे सरकवून घेता येते. जमिनीवरील रुग्णासाठी खाली यावेच लागते. पण तेथे एकदा खाली व एकदा वर, यापलीकडे उंची बदलू नये.

स्थैर्य व उंची

उंच स्थितीतील स्ट्रेचर ढकलण्यास सोयीचे असते. परंतु ते सहज कलंडते. चाकांमधील आडवे अंतर ५० सेंटिमीटर असून एकत्रित गुरुत्वमध्य जमिनीपासून ९० सेंटिमीटरवर असेल, तर सुमारे १५ अंशांच्या कलाने स्ट्रेचर उलटू शकते. गुरुत्वमध्य ४५ सेंटिमीटरवर आणला तर उलटण्यासाठी सुमारे २९ अंशांचा कल लागतो. प्रत्यक्षात धक्का, चाक खड्ड्यात अडकणे वा रुग्णाची हालचाल यांमुळे याहून कमी कलानेही तोल जातो. उखडलेली फरशी, उतार, गटाराची झाकणे व दारातील उंबरे यांवरून जाताना स्ट्रेचर मध्यम उंचीवर आणणे म्हणूनच इष्ट असते.

येथे रुग्णाचे हित व वाहकाचे हित यांत काहीसा विरोध आहे. रुग्णाच्या स्थैर्यासाठी उंची कमी हवी, तर वाहकाच्या कण्यासाठी ती कमरेजवळ हवी. मध्यम उंची ही या दोहोंतील तडजोड आहे. मार्ग सपाट आहे की खडबडीत, हे पाहून ती आधीच ठरवावी. वाटेत थांबून पुनःपुन्हा बदलू नये, कारण प्रत्येक बदल हा पुन्हा एक भार-हस्तांतर असतो.

आज्ञेचा प्रश्न

स्ट्रेचर ८० सेंटिमीटर उंचीवरून मुक्तपणे पडले, तर जमिनीवर येण्यास त्यास सुमारे ०.४ सेकंद लागतात. आवाज ऐकून साधी प्रतिक्रिया देण्यास मनुष्याला ०.१५ ते ०.२ सेकंद लागतात. दचकून हात आवळला जाईपर्यंत बिछाना सुमारे २० सेंटिमीटर खाली आलेला असतो आणि त्याला वेगही आलेला असतो. पडणारे स्ट्रेचर सावरून धरणे बहुधा अशक्य असते ते याचमुळे. सुरक्षितता प्रतिक्रियेत नसून पूर्वसंकेतात आहे.

लयबद्ध मोजणीचे महत्त्व येथेच आहे. एकाएकी दिलेल्या हाकेला दोन माणसे वेगवेगळ्या विलंबाने प्रतिसाद देतात. परंतु ठरावीक लयीत अंक मोजले, तर पुढचा ठोका केव्हा पडणार याचा अंदाज दोघांनाही आधीच येतो, व त्यांचे स्नायू जवळजवळ एकाच क्षणी कार्य करू लागतात. जड ओझी एकत्र उचलणारे हमाल लयीत साद घालतात, त्यामागील तत्त्व हेच होय. तथापि मोजणीतही एक संदिग्धता लपलेली असते. ‘एक, दोन, तीन’ असे म्हटल्यावर उचल ‘तीन’ या शब्दाबरोबर करावयाची की त्यानंतर? एका वाहकाने एक अर्थ घेतला व दुसऱ्याने दुसरा, तर एक टोक आधी उचलले जाते आणि मागे राहिलेल्यावर अनपेक्षित भार येतो. म्हणून ‘एक, दोन, तीन, उचला’ अशी आज्ञा ठरवून, क्रियापद उच्चारले जाईल तेव्हाच हालचाल करावयाची, असा संकेत प्रत्येक संघाने आधी निश्चित करावा. उतरवतानाही ‘एक, दोन, तीन, खाली’ हाच क्रम असावा.

आज्ञा एकानेच द्यावी. ती देणारा सामान्यतः डोक्याकडील वाहक असतो. कारण रुग्णाचा चेहरा, श्वासमार्ग व अधिक भार त्याच्याजवळ असतो. परंतु ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार मात्र प्रत्येकाला असला पाहिजे. पट्टा अडकला, चाक वळले, पकड सुटू लागली, तर हे ज्याला दिसेल त्यानेच बोलले पाहिजे, मग तो संघात कनिष्ठ असो वा नुकताच रुजू झालेला असो. आपल्याकडे वरिष्ठ डॉक्टरांसमोर वॉर्डबॉयने वा चालकाने क्रिया थांबवण्याचा संकोच बाळगणे स्वाभाविक मानले जाते. स्ट्रेचरच्या बाबतीत हा संकोच थेट रुग्णाच्या जिवावर बेतू शकतो.

उंचावण्याचा व उतरवण्याचा क्रम

उंची बदलण्यापूर्वी रुग्णाचे सर्व पट्टे बांधलेले असावेत; केवळ छातीचा व पायांचा नव्हे, तर खांद्यांवरचेही. सलाईनची नळी, प्राणवायूची नळी व चादरीची टोके कैचीत अडकणार नाहीत हे पाहावे. बाजूचे कठडे वर असावेत. रुग्ण शुद्धीवर असेल तर त्याला काय घडणार आहे ते सांगावे. अकस्मात उचलला गेलेला माणूस आधारासाठी हात बाहेर टाकतो, आणि त्या हाताने तोल बिघडतो.

उंचावताना दोन्ही वाहकांनी एकमेकांकडे तोंड करून टोकांना उभे राहावे, पकड घ्यावी, लिव्हर दाबावी आणि आज्ञेबरोबर समान गतीने उचलावे. इच्छित उंची आली की लिव्हर सोडावी, पण हात सोडू नयेत. लॉक बसल्याची खात्री आवाज ऐकून, डोळ्यांनी पाहून आणि भार हळूहळू पायांवर सोडून अशी तीन प्रकारे करावी. दोघांनीही ‘लॉक’ असे स्पष्ट म्हटल्यानंतरच पकड सैल करावी.

उतरवताना क्रमात एक महत्त्वाचा फरक आहे. आधी भार हातांवर घ्यावा, स्ट्रेचर किंचित वर उचलावे, आणि मगच लिव्हर दाबावी. याची कारणे दोन आहेत. भाराखालील लॉक घर्षणाने आवळलेले असते व सहजी सुटत नाही. ते जबरीने सोडवल्यास एकदम सुटते. दुसरे असे की, हात रिकामे असताना लॉक सुटले तर भार क्षणार्धात हातांवर आदळतो. ‘आधी उचल, मग लिव्हर’ हा नियम उतरवण्याच्या साऱ्या क्रियेचे सार म्हणता येईल.

वाहनात चढवणे व बाहेर काढणे

वाहनाच्या दाराशी संघाचे स्वरूप बदलते. कैचीच्या रचनेत डोक्याकडील छोटी चाके वाहनाच्या तळावर टेकली की एक वाहक पायाकडचे टोक पेलतो व दुसरा खालचे पाय वर उचलतो. म्हणजे नावाला दोघे असूनही त्या क्षणी टोकाचा भार एकट्यावर असतो. लोंबकळणाऱ्या पायांचे वजनही आता त्याच्या वाट्याला येते. वरील उदाहरणातील स्ट्रेचरचे एकूण वजन ४० किलोग्रॅम धरले, तर हा भार सुमारे ५३ किलोग्रॅम होतो. पायांच्या जोड्या स्वतंत्रपणे दुमडणाऱ्या स्ट्रेचरात मागचे पाय बराच वेळ जमिनीवर राहत असल्याने हा प्रसंग पुष्कळसा टळतो.

बाहेर काढतानाचा धोका वेगळा असतो. पाय उघडलेले दिसतात. पण ते लॉक झालेले असतीलच असे नाही. म्हणून वाहनाच्या तळावरील सुरक्षा-आकड्याशी स्ट्रेचर थांबू द्यावे, बाजूच्या सहायकाने पायांचे लॉक पाहून तसे मोठ्याने सांगावे, आणि त्यानंतरच पुढची चाके तळावरून सुटू द्यावीत. हा आकडा तुटलेला वा वाकलेला असेल, तर ते वाहन त्या दुरुस्तीपर्यंत रुग्णासाठी सुरक्षित नाही असे समजले पाहिजे.

विद्युत्-चालित साधने व आपली परिस्थिती

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात विजेरीवर चालणारी द्रवदाब स्ट्रेचरे प्रचारात आली. उंची बदलण्याचे काम यंत्राकडे गेल्याने कर्मचाऱ्यांच्या दुखापती लक्षणीय घटल्याचे अमेरिकेतील अभ्यासात दिसून आले आहे. मात्र अशा स्ट्रेचरचे स्वतःचेच वजन ५० किलोग्रॅमहून अधिक असते. वाहनात चढवण्याचीही यांत्रिक सोय नसेल, तर एका ठिकाणी वाचवलेला श्रम दुसऱ्या ठिकाणी अधिक होऊन येतो.

महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची आपत्कालीन वैद्यकीय सेवा २०१४ साली ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली. त्याच वर्षी रुग्णवाहिकांच्या बांधणीसंबंधी एआयएस-१२५ हे भारतीय मानकही तयार झाले. वाहनाची बांधणी मानकाच्या कक्षेत आली. परंतु उचलण्याची क्रिया माणसांनीच करावयाची असल्याने ती प्रशिक्षणाच्या कक्षेत येते. येथील वाहनात चालक व एक वैद्यकीय कर्मचारी, असे दोघेच बहुधा असतात. तिसरा हात नातेवाइकाचा किंवा शेजाऱ्याचा असतो. हा मदतनीस उत्सुक असतो. पण त्याला आज्ञा ठाऊक नसते, आणि त्याची बोटे नेमकी कैचीच्या सांध्यावर असण्याचा संभव असतो. त्याला दूर सारणे व्यवहार्य नाही. म्हणून त्याने कोठे धरावे, कोणत्या शब्दाला उचलावे व काय करू नये, हे तीन वाक्यांत सांगण्याची सवय प्रत्येक कर्मचाऱ्यास लावावयास हवी. या तीन वाक्यांना दहा सेकंदही लागत नाहीत.

या विषयात पदव्युत्तर अभ्यासकांना करण्याजोगे काम पुष्कळ आहे. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ साली भारतीय शरीरमापांचा संग्रह प्रसिद्ध केला. त्या मापांशी प्रचलित स्ट्रेचरांच्या पकडीची उंची, लिव्हरची जाडी व चौकटीची रुंदी ताडून पाहणे हे अल्प खर्चात होणारे संशोधन आहे. दोन टोकांना भारमापक बसवून, आज्ञेसह व आज्ञेविना केलेल्या उचलीत भार किती असमान वाटला जातो याची मोजणी कोणत्याही महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, रुग्णाऐवजी वाळूच्या पोत्यांनी करता येईल. अशा मोजणीतून निघालेला निष्कर्ष प्रशिक्षणवर्गात पोहोचला, तर त्याचा लाभ स्ट्रेचरवर निजलेल्या रुग्णाप्रमाणेच ते उचलणाऱ्या वाहकालाही होईल.